वजन जास्त, त्यात रक्तदाबही वाढलेला, बाळाचे काय?

प्रश्न : माझे वय ३२ वर्षे असून हे माझे पहिलेच गरोदरपण आहे. सध्या पंधरावा आठवडा चालू आहे. दिवस राहण्यापूर्वी माझे वजन ८२ किलो होते आणि उंची १५८ सेंटिमीटर आहे. दहाव्या आठवड्यातील तपासणीत रक्तदाब १४४/९२ निघाला. चार दिवसांनी पुन्हा मोजला तेव्हाही तो जवळपास तेवढाच होता. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी लॅबेटालॉल हे औषध सुरू केले आणि बाराव्या आठवड्यापासून रोज रात्री ॲस्पिरिनची कमी मात्रेची गोळी घेण्यास सांगितले. ॲस्पिरिनने रक्तस्राव होतो असे मोठ्या जाऊबाईंनी सांगितल्यामुळे ती गोळी मी अजून सुरूच केलेली नाही. सासूबाई म्हणतात, ‘दोन जिवांची आहेस, भरपूर खा.’ मैत्रीण म्हणते, ‘आत्ताच दहा किलो उतरव, नाहीतर बाळाला त्रास होईल.’ माझ्या सख्ख्या बहिणीला पहिल्या खेपेस प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून इतर अवयवांवरही परिणाम करणारा आजार, झाला होता. तिचे बाळ ३३ व्या आठवड्यातच जन्मले आणि पुढे कित्येक दिवस एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, होते. मला एका डॉक्टरांनी सांगितले की बाळ प्रमाणाबाहेर मोठे होऊ शकते, तर दुसऱ्यांनी सांगितले की त्याची वाढ खुंटू शकते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? हे सगळे माझ्या वजनामुळेच होत असेल, तर आता माझ्या हातात काय आहे?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील ॲस्पिरिनचा प्रश्न हे उत्तर छापून येईपर्यंत थांबण्यासारखा नव्हता, म्हणून त्याविषयी पत्र मिळाल्या दिवशीच तुम्हाला कळवले होते : डॉक्टरांना लगेच गाठा, गोळी सुरू केलेली नाही हे न लपवता सांगा आणि त्यांची हरकत नसेल तर त्याच रात्रीपासून ती सुरू करा. इतर वाचकांनाही उपयोग व्हावा म्हणून त्यामागील कारणे येथे मांडत आहे.

ही गोळी रक्तदाब उतरवण्यासाठी दिलेली नसते. वार, म्हणजेच प्लॅसेंटा, गर्भाशयाच्या भिंतीत रुजण्याचे काम साधारणपणे विसाव्या आठवड्यापर्यंत चालते आणि त्या कामात बिघाड होऊ नये यासाठी ॲस्पिरिनचा उपयोग केला जातो. त्यामुळे ते बाराव्या आठवड्यानंतर, परंतु शक्यतो सोळावा संपण्याच्या आत सुरू करणे हिताचे ठरते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, प्रामुख्याने युरोपात केलेल्या ‘ॲस्प्रे’ चाचणीत जास्त जोखमीच्या स्त्रियांना ३६ व्या आठवड्यापर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले गेले, तेव्हा ३७ आठवड्यांच्या आत बाळंतपण करावे लागणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. प्रामाणिकपणे सांगायचे तर, ज्यांचा रक्तदाब आधीपासूनच वाढलेला होता अशा स्त्रियांमध्ये हा फायदा इतका ठळक दिसला नाही. तरीही अशा स्त्रियांना ॲस्पिरिन द्यावे असेच प्रमुख मार्गदर्शक सूचना सांगतात, आणि तुमच्या बाबतीत रक्तदाबाबरोबर वजन, पहिली खेप आणि बहिणीचा इतिहास अशी आणखी तीन कारणे जोडलेली आहेत. जाऊबाईंची भीती अगदीच निराधार नाही. ॲस्पिरिनमुळे रक्त गोठण्याची क्रिया काहीशी मंदावते आणि पोटात अल्सर, रक्तस्रावाचा एखादा आजार किंवा या औषधाची ॲलर्जी असेल तर ते देत नाहीत. यांपैकी काही असल्यास डॉक्टरांना सांगायलाच हवे. तसे काही नसेल तर या अल्प मात्रेच्या धोक्यापेक्षा फायद्याचे पारडे निश्चितपणे जड आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. तुमचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, ३३ च्या आसपास आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीनुसार ३० च्या पुढे लठ्ठपणा धरला जातो. आशियाई वंशाच्या लोकांमध्ये याहून कमी आकड्यापासूनच सावध राहावे, असेही त्याच संघटनेच्या तज्ज्ञांनी सुचवले आहे. रक्तदाबाच्या बाबतीत १४०/९० किंवा त्याहून अधिक आकडा किमान चार तासांच्या अंतराने दोनदा आढळला, तर तो वाढलेला मानतात. विसाव्या आठवड्यानंतर प्रथमच वाढलेला आणि इतर कोणतीही खूण सोबत नसलेला रक्तदाब हा गरोदरपणातील रक्तदाब. त्यासोबत लघवीतून प्रथिने जाऊ लागली किंवा मूत्रपिंड, यकृत, मेंदू, फुप्फुसे, रक्तातील प्लेटलेट यांवर परिणाम दिसू लागला, तर तो प्रीएक्लॅम्प्सिया. आणि झटके आले तर एक्लॅम्प्सिया. तुमचा रक्तदाब दहाव्या आठवड्यातच वाढलेला आढळल्यामुळे तो गरोदरपणाने निर्माण केलेला नसून बहुधा आधीपासूनचाच आहे, फक्त तोवर कोणी मोजलेला नसावा. असे कितीतरी जणींच्या बाबतीत घडते, कारण तरुण वयात रक्तदाब तपासण्याचे प्रयोजनच कोणाला वाटत नाही.

हा भेद महत्त्वाचा आहे. आधीपासून रक्तदाब असलेल्या स्त्रियांपैकी साधारणपणे चौघींतील एकीला पुढे प्रीएक्लॅम्प्सिया होतो, तर सर्वसाधारण गरोदर स्त्रियांमध्ये हे प्रमाण २ ते ८ टक्के आहे. म्हणजेच तुमची जोखीम खरोखर जास्त आहे, ती गोड शब्दांत झाकण्यात अर्थ नाही. आणि तरीही चारपैकी तिघींना तो होत नाही, हेही तितकेच खरे आहे.

बाळावर होणारा परिणाम समजण्यासाठी वारेपाशी काय घडते ते पाहावे लागते. गर्भाशयाच्या भिंतीतील नागमोडी धमन्या एरवी अरुंद असतात. निरोगी गरोदरपणात वारेतील पेशी या धमन्यांच्या भिंतींत शिरून त्यांना सैल आणि रुंद करतात, त्यामुळे आईचे रक्त भरपूर प्रमाणात, पण संथपणे वारेत पसरते. हे रूपांतर अर्धवट राहिले तर धमन्या अरुंदच राहतात आणि रक्त बारीक तोटीतून उडणाऱ्या धारेसारखे जोराने, पण अपुरे येते. अशा उपाशी वारेतून काही द्रव्ये आईच्या रक्तात मिसळतात, तिच्या सर्व रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला त्रास देतात, आणि त्यातूनच रक्तदाब, सूज, लघवीतील प्रथिने ही लक्षणे उद्भवतात. थोडक्यात, आजार आईच्या दंडावर मोजला जात असला तरी त्याचे मूळ वारेत असते, आणि म्हणूनच वार बाहेर पडेपर्यंत तो पूर्णपणे बरा होत नाही. लठ्ठपणात शरीरात सतत मंद दाह असतो, इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर आधीच थकलेले असते. त्यामुळे बॉडी मास इंडेक्स दर पाच ते सात एककांनी वाढला की प्रीएक्लॅम्प्सियाची शक्यता जवळजवळ दुप्पट होते.

रक्तपुरवठा कमी पडू लागला की बाळ काटकसर करते. मेंदू आणि हृदय यांना प्राधान्याने रक्त मिळते, तर स्नायू, चरबी, यकृतातील साखरेचा साठा आणि मूत्रपिंड यांच्या वाट्याला कमी येते. मूत्रपिंडांकडील रक्त घटल्यामुळे बाळ लघवी कमी करते आणि गर्भजल उणे होते. अशी बाळे जन्मतात तेव्हा डोके शरीराच्या मानाने मोठे वाटते, मांड्यांवरची आणि नितंबांवरची कातडी सैल सुरकुतलेली असते, नाळ बारीक असते आणि डोळे मात्र टक्क उघडे असतात. जन्मवजन २५०० ग्रॅमच्या खाली असेल तर ते कमी समजले जाते. चरबी नसल्यामुळे अशा बाळाचे अंग पटकन गार पडते, साठा नसल्यामुळे रक्तातील साखर उतरते, आणि पोटात असताना प्राणवायूची कमतरता सोसल्यामुळे काहींचे रक्त प्रमाणापेक्षा दाट असते. प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या आईच्या बाळात पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट सुरुवातीला कमी दिसू शकतात. त्या बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप पूर्ववत होतात, परंतु तोपर्यंत संसर्गाकडे आणि रक्तस्रावाकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते.

तथापि बाळाला होणाऱ्या त्रासाचा मोठा वाटा येतो तो अपुऱ्या दिवसांच्या जन्मातून. आईचा आजार बळावला की तिचा जीव वाचवण्यासाठी बाळंतपण करणे हाच उपाय उरतो आणि मग बाळाच्या फुप्फुसांची तयारी झालेली नसली तरी त्याला बाहेर यावे लागते. तुमच्या बहिणीचे बाळ एनआयसीयूमध्ये राहिले ते बहुधा याच कारणाने. ३३ आठवड्यांच्या बाळाला श्वास घेणे, दूध ओढणे आणि अंगाची ऊब टिकवणे ही तिन्ही कामे एकदम जमत नाहीत. वार अकाली सुटणे आणि बाळ पोटातच दगावणे हे दुर्मीळ, पण खरे धोके आहेत. तपासण्यांचे वेळापत्रक आखले जाते ते प्रामुख्याने हेच टाळण्यासाठी.

लठ्ठपणाचा परिणाम मात्र उलट दिशेने होतो. आईच्या रक्तात साखर आणि स्निग्ध घटक जास्त असले की ते वारेतून बाळाकडे जातात, बाळाचे स्वादुपिंड अधिक इन्सुलिन तयार करते आणि इन्सुलिन हेच गर्भाचे वाढीचे संप्रेरक असल्यामुळे बाळ, विशेषतः त्याचे खांदे आणि धड, जाड होते. गरोदरपणातील मधुमेह सोबत असेल तर हे अधिक ठळकपणे घडते. तो नसला तरी घडू शकते. वजन चार किलोंच्या पुढे गेलेल्या बाळाचे डोके बाहेर आल्यावर खांदा अडकण्याची शक्यता वाढते. त्या प्रसंगी मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंना ताण बसून हात लुळा पडू शकतो, बहुतेक बाळांचा तो पुढे सुधारतो. असे बाळ वजनदार आणि तेजस्वी दिसत असतानाही त्याची साखर उतरू शकते, कारण नाळ कापताच आईकडून येणारी साखर थांबते, पण त्याचे वाढलेले इन्सुलिन काही तास तसेच राहते. नातेवाइकांना हे पटवणे सर्वांत कठीण जाते : एवढ्या गुटगुटीत बाळाची टाच का टोचता, असा प्रश्न हमखास येतो.

जन्मजात व्यंगांविषयी तुम्ही थेट विचारलेले नाही, परंतु पत्राच्या ओळींमधून ती भीती जाणवते. मेंदू आणि पाठीचा कणा यांच्या रचनेतील दोष, तसेच हृदयातील दोष लठ्ठपणात काहीसे अधिक आढळतात. ‘काहीसे’ म्हणजे किती, ते पाहा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बारा लाखांहून अधिक जन्मांवर आधारित स्वीडनमधील अभ्यासात सामान्य वजनाच्या मातांच्या १०० बाळांपैकी ३.४ बाळांत मोठे व्यंग आढळले. बॉडी मास इंडेक्स ३० ते ३५ असलेल्या मातांच्या बाबतीत हा आकडा ३.८ होता आणि ४० च्या पुढे ४.७. फरक खरा आहे, पण तुमच्या गटातील शंभरातील शहाण्णव बाळे अशा व्यंगाविना जन्मली, हे झोप न लागणाऱ्या रात्री लक्षात ठेवावे. मज्जारज्जूची नलिका गर्भधारणेनंतर चार आठवड्यांतच मिटते, त्यामुळे फॉलिक ॲसिडचा त्या दृष्टीने उपयोग गर्भधारणेच्या आधीपासून घेतले तरच होतो; पुढच्या खेपेसाठी हे ध्यानात असू द्या आणि तुमच्या वजनाला मात्रा किती असावी हे आधीच विचारून घ्या. आत्ता तुम्ही करायची गोष्ट म्हणजे १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यानची, व्यंग पाहण्यासाठीची सोनोग्राफी चुकवू नये. पोटावरील चरबीच्या थरामुळे चित्र अस्पष्ट येऊन हृदयाची पाहणी अपुरी राहू शकते आणि पुन्हा बोलावले जाऊ शकते. त्या बोलावण्याचा अर्थ काहीतरी वाईट दिसले, असा काढू नका.

आता तुमच्या दोन डॉक्टरांविषयी. दोघांचेही खरे आहे आणि तुमच्यासारख्या स्त्रियांच्या देखरेखीतील खरी मेख नेमकी येथेच आहे. वजन बाळाला वाढवू पाहते, तर बिघडलेली वार त्याला खुंटवू पाहते. दोन्ही ओढी एकाच बाळावर काम करत असतील तर जन्मवजन २८०० ग्रॅमसारखे अगदी सर्वसाधारण निघू शकते आणि सगळे निःश्वास टाकतात. पण जे बाळ आपल्या प्रकृतीनुसार साडेतीन किलोंचे व्हायचे होते ते २८०० वर थांबले असेल, तर ते उपाशी राहिलेले बाळ आहे, मग आलेखावर त्याचा ठिपका मध्यभागी का असेना. म्हणूनच एका सोनोग्राफीतील वजनापेक्षा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने केलेल्या तपासण्यांमधील वाढीचा वेग महत्त्वाचा असतो. बाळाचे पोट डोक्याच्या मानाने मागे पडते आहे का, गर्भजल किती आहे आणि डॉपलर तपासणीत नाळेतील रक्तप्रवाह हृदयाच्या दोन ठोक्यांमध्येही पुढे वाहतो आहे का, हे प्रश्न तुम्ही प्रत्येक सोनोग्राफीनंतर विचारू शकता. पोटावरून हात लावून वाढीचा अंदाज घेणे लठ्ठपणात फारसे भरवशाचे नसते, त्यामुळे शेवटच्या तीन महिन्यांत ठरावीक अंतराने सोनोग्राफी करण्याचा आग्रह वाजवी आहे.

मैत्रिणीचा सल्ला मात्र मानू नका. गरोदरपणात दहा किलो उतरवण्याचा प्रयत्न केल्याने वारेचे बिघडलेले काम सुधारत नाही, उलट बाळाची वाढ कमी होण्याची भीती असते. सासूबाईंचा सल्लाही तसाच बाजूला ठेवा, अर्थात त्यांचे मन न दुखावता. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार बॉडी मास इंडेक्स ३० च्या पुढे असलेल्या स्त्रीचे वजन पूर्ण गरोदरपणात एकूण ५ ते ९ किलो वाढावे. सामान्य वजनाच्या स्त्रीसाठी हेच प्रमाण ११.५ ते १६ किलो आहे. याचा व्यवहारातील अर्थ असा, की तुम्ही उपाशी राहायचे नाही, पण दोघांचे खायचेही नाही. डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर आठवड्यातून एकूण दीडशे मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चालावे. मीठ पूर्ण तोडणे, दिवसभर पडून राहणे, क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणे यांनी प्रीएक्लॅम्प्सिया टळत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी असते त्यांना ते पूरक म्हणून घेतल्याने मात्र फायदा होतो. तुम्हाला त्याची गरज आहे का, हे विचारून घ्या.

लॅबेटालॉलविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही, पण रक्तदाबाच्या गोळीने बाळाला कमी रक्त मिळेल ही शंका बहुतेकींच्या मनात असते. ती पूर्वी डॉक्टरांनाही होती, आणि म्हणूनच सौम्य रक्तदाबावर औषध द्यावे की नाही यावर अनेक वर्षे मतभेद होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘चॅप’ चाचणीत आधीपासून सौम्य रक्तदाब असलेल्या सुमारे २४०० गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्यांचा रक्तदाब औषधांनी १४०/९० च्या खाली ठेवला होता, त्यांच्यात गंभीर प्रीएक्लॅम्प्सिया, ३५ आठवड्यांच्या आत करावे लागलेले बाळंतपण, वार सुटणे, बाळ दगावणे यांपैकी काहीतरी घडण्याचे प्रमाण शंभरात ३७ वरून ३० वर आले आणि लहान चणीची बाळे जन्मण्याचे प्रमाण त्यामुळे लक्षणीय वाढले नाही. लॅबेटालॉल, निफेडिपिन आणि मिथाइलडोपा ही गरोदरपणात दीर्घकाळ वापरलेली औषधे आहेत. याउलट एनालाप्रिल, रामिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या गटांतील गोळ्या गर्भाच्या मूत्रपिंडांना इजा करतात; घरातील दुसऱ्या कोणाची रक्तदाबाची गोळी ‘तीच ती’ म्हणून घेणे घातक ठरू शकते. आणखी एक सूचना येथेच देतो. गरोदरपणाच्या मधल्या काळात रक्तदाब निसर्गतःच थोडा उतरतो आणि शेवटच्या तीन महिन्यांत पुन्हा चढतो. विसाव्या आठवड्याच्या सुमारास तुम्हाला १२०/७६ असा आकडा दिसेल आणि गोळी बंद करण्याचा मोह होईल; मात्रा कमी करायची की नाही ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

घरी रक्तदाब मोजणार असाल, आणि तुम्ही तो मोजावाच असे माझे मत आहे, तर यंत्रापेक्षा दंडावरच्या पट्ट्याकडे अधिक लक्ष द्या. आधी टेपने दंडाचा मधला घेर मोजा. पट्ट्यातील हवेची पिशवी त्या घेराचा सुमारे ८० टक्के भाग वेढणारी हवी. सर्वसाधारण मापाचा पट्टा जाड दंडावर ओढूनताणून बसवला तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो आणि नाहक औषध वाढते. लघवीला जाऊन या, पाठ टेकवून आणि पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसा, पायावर पाय नको, दंड हृदयाच्या पातळीवर टेकवलेला असावा, बाही गुंडाळून वर करकचून चढवलेली नसावी. मोजणी चालू असताना बोलू नका. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे, वेळेसह, वहीत लिहा आणि यंत्र व वही एकदा तपासणीला सोबत नेऊन दवाखान्यातील यंत्राशी ताडून पाहा, कारण सगळीच स्वयंचलित यंत्रे गरोदरपणासाठी पारखलेली नसतात. औषध चालू असूनही आकडा १४०/९० वर जात राहिला तर डॉक्टरांना कळवा. १६०/११० किंवा त्याहून जास्त आला आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तेवढाच आला तर फोन करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी, उजव्या बरगडीखाली दुखणे, चेहऱ्यावर एकाएकी आलेली सूज, धाप, रक्तस्राव किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही झाले तर रक्तदाबाचा आकडा चांगला असला तरीही जावे.

पुढच्या तपासण्यांविषयी थोडक्यात. मूत्रपिंड, यकृत, प्लेटलेट आणि लघवीतील प्रथिने यांच्या चाचण्या आत्ताच करून ठेवल्या म्हणजे नंतर बिघाड झाला तर तुलनेला आधार मिळतो. साखरेची तपासणी आत्ता झालेली असली तरी २४ ते २८ आठवड्यांदरम्यान ती पुन्हा करावी. बाळंतपणाची वेळ तेव्हाच्या परिस्थितीवर ठरेल : केवळ रक्तदाब असून तो आटोक्यात असेल तर साधारणपणे ३८ किंवा ३९ आठवड्यांपर्यंत थांबता येते, सौम्य प्रीएक्लॅम्प्सियात ३७ आठवड्यांना बाळंत करतात आणि आजार तीव्र असेल तर ३४ नंतर सहसा थांबत नाहीत. त्याआधीच वेळ आली तर बाळाच्या फुप्फुसांना पक्वता यावी म्हणून आईला स्टिरॉइडची इंजेक्शने देतात, आणि झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मॅग्पाय’ चाचणीत या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला होता. फार लवकर जन्मणाऱ्या बाळांच्या मेंदूलाही त्याने संरक्षण मिळते. अशा बाळाच्या जन्माचे ठिकाण एनआयसीयू असलेलेच हवे. जन्मानंतर बाळाला दूर हलवण्यापेक्षा आईच्या पोटात असताना हलवणे केव्हाही अधिक सुरक्षित असते, आणि हा निर्णय कळा सुरू होण्याच्या कितीतरी आधी घेऊन ठेवता येतो.

जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत काय होईल याची कल्पना असेल तर तुम्ही घाबरणार नाही. बाळाची प्रकृती ठीक असेल तर त्याला कोरडे करून थेट तुमच्या छातीवर ठेवावे, वरून पांघरूण घालावे आणि तासाभरात चीक पाजावा. ऊब आणि साखर या दोन्हींची सोय त्यातून होते. त्यानंतर निदान बारा ते चोवीस तास दर काही तासांनी पाजण्यापूर्वी टाचेतून रक्ताचा एक थेंब घेऊन साखर पाहिली जाईल. ती उतरलेली आढळली तर पुष्कळदा गालाच्या आतून चोळायच्या साखरेच्या जेलने आणि पुन्हा पाजण्याने काम भागते. न भागल्यास सलाईन लावावे लागते. लॅबेटालॉल घेत असलेल्या आईच्या बाळाची साखर किंवा नाडीचे ठोके क्वचित कमी राहतात, तर मॅग्नेशियम मिळालेल्या आईचे बाळ सुरुवातीला थोडे सुस्त असते आणि ओढत नाही. म्हणून तुम्ही कोणती औषधे किती दिवस घेतली याची चिठ्ठी बाळाच्या डॉक्टरांच्या हाती पडेल असे पाहा. प्रसूतितज्ज्ञांकडे असलेली माहिती बालरोगतज्ज्ञांकडे आपोआप पोहोचते, असे गृहीत धरू नये.

‘हे सगळे माझ्या वजनामुळेच’ या वाक्याविषयीही लिहिले पाहिजे. सडसडीत अंगाच्या स्त्रियांनाही प्रीएक्लॅम्प्सिया होतो आणि तुमच्या बहिणीला झाला, यावरून तुमच्या घराण्यातील प्रवृत्तीही त्यात सामील असावी. स्वतःला दोष देण्यात एक व्यावहारिक तोटा असा आहे, की वजनावरून बोलणी खावी लागतील या संकोचाने पुष्कळ स्त्रिया तपासणीला जाणेच टाळतात. तुमच्या डॉक्टरांनी तसे काही बोलून दाखवले असेल तर ते चुकीचे आहे. पण त्यापायी तपासणी चुकवू नका, हवे तर डॉक्टर बदला.

बाळंतपणानंतर वजन जास्त असलेल्या आईला दूध उतरायला कधीकधी तीन दिवसांहून अधिक काळ लागतो. अशा वेळी वारंवार पाजत राहणे, बाळ एनआयसीयूमध्ये असेल तर दर दोन-तीन तासांनी दूध काढत राहणे आणि पाजण्याची स्थिती कोणा जाणत्या परिचारिकेकडून तपासून घेणे यांचा उपयोग होतो. ‘तुला दूधच नाही’ हा निकाल दुसऱ्याच दिवशी कोणी देऊ लागले तर तो मान्य करू नका. लॅबेटालॉल आणि निफेडिपिन चालू असताना अंगावर पाजता येते. रक्तदाब मात्र बाळंतपणानंतर लगेच उतरतो असे नाही; तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत तो पुष्कळदा सर्वांत जास्त असतो, आणि नेमके तेव्हाच आई घरी आलेली असते, सगळ्यांचे लक्ष बाळाकडे असते. त्या आठवड्यात रोज मोजा आणि डोकेदुखीला जागरणाचे निमित्त देऊ नका, कारण प्रीएक्लॅम्प्सिया बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत केव्हाही उद्भवू शकतो. वजन उतरवण्याची खरी वेळ त्यानंतरची आहे : दोन बाळंतपणांच्या मधल्या काळात आईचे वजन वाढले तर पुढच्या खेपेस प्रीएक्लॅम्प्सियाचा आणि बाळ पोटात दगावण्याचा धोका वाढतो, असे स्वीडनमधील २००६ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसून आले. त्यामुळे सहा आठवड्यांच्या तपासणीला जाल तेव्हा रक्तदाबाच्या वहीबरोबर हा विषयही डॉक्टरांपुढे काढा, आणि रक्तदाब तेव्हाही चढाच राहिला तर पुढील उपचारांसाठी फिजिशियनकडे चिठ्ठी मागून घ्या.